यवतेश्वरच्या उताराआधी

सातारा, रविवार रात्र

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) संशोधनासाठी देणग्या गोळा करत तू धावणार आहेस, त्यावर ‘या संशोधनाने आता तुझ्या भावाला, ओंकारला काय मिळणार?’ असे मी दुपारी म्हणालो आणि तू काही न बोलता फोन ठेवलास. फोनवर माझे बोलणे नेहमीच बिघडते, म्हणून लिहीत आहे. तू हिल मॅरेथॉन धावावीस की नाही, याविषयी मी काही म्हणणार नाही. एवढेच सांगतो, की यवतेश्वरचा घाट चढताना दम जातो, पण गुडघे जातात ते उतरताना, आणि त्यातून रस्ता ओला असतो.

माझ्या प्रश्नाचे उत्तर खरे तर तुझ्या आईजवळ आहे. २००३ साली एका डॉक्टरांनी ओंकारला नीट पाहण्याआधीच तिला विचारले होते, ‘तुम्ही नोकरी करता का?’ आईची माया कमी पडल्याने मूल स्वमग्न होते, हा समज मोडणारा जुळ्या भावंडांचा अभ्यास १९७७ सालीच झाला होता. निदान एकाला ऑटिझम असलेल्या जोड्या त्यात होत्या. एकाच बीजापासून झालेल्या एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता, भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकीतही तसे नव्हते. म्हणजे मूळ रक्तात होते, मायेत नव्हते. ही गोष्ट आमच्यापर्यंत पोहोचेतो आईने शाळेतली नोकरी सोडली होती आणि तिच्या रात्री कशा गेल्या हे मी पाहिले आहे. दुपारी ते मला आठवायला हवे होते.

आता पैशांविषयी. लोक देत आहेत तर प्रत्येकाला पावती पोहोचव, रक्कम कुठे गेली ते कळव, ओंकारचा तो टॉवेल गुंडाळलेला फोटो वापरू नकोस आणि सरावाच्या नादात जेवण चुकवू नकोस. हे निवृत्त हेडक्लार्कचे बोलणे झाले, क्षमा कर. पण गुडघा दुखू लागला तर मध्येच थांबण्यात कमीपणा मानू नकोस, देणगी देणारे काही किलोमीटर मोजत बसणार नाहीत.

धावायला तुला ओंकारने शिकवले, असे तू लोकांना लिहिलेस. ते मी आईला दोनदा वाचून दाखवले, आणि मग मला झोप लागली नाही. तू नऊ वर्षांची होतीस. कडी काढून तो पळाला आणि मंगळवार तळ्यापासून राजवाड्यापर्यंत तू अनवाणी त्याच्यामागे धावलीस, त्याचा सदरा धरलास आणि पडलीस. मी मागून आलो, त्याला उचलले, त्याला कुठे लागले आहे का ते पाहिले आणि घरी आणले. तुझ्या उजव्या गुडघ्यातून रक्त वाहत आहे, हे मला आजीने दाखवले. चार टाके पडले, तू रडली नाहीस. आमच्यामागे त्याचे कोण, हे आम्ही तुझ्यासमोर कधी बोललो नाही; तरी तू ते तेव्हापासून ऐकत आली असशील, असे मला वाटते.

कर्ण्याचा आवाज त्याला सोसत नाही, म्हणून सुरुवातीच्या ठिकाणी आम्ही येणार नाही. त्याच्या कानाला मफलर बांधून समर्थ मंदिराजवळ उभे राहू. तुला पाहून त्याने हात सोडवून घेतला, तर त्याच्यामागे धावायला या वेळी मी आहे. तू वळून पाहू नकोस. उतारावर पावले लहान टाक.

तुझे,
बाबा