काकू, त्या पाकिटाबद्दल

ती. काकूंना,
सा. नमस्कार.

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काकू. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. इथे इंग्लंडमध्ये आपल्या कितीतरी घरांत न उघडलेली सरकारी पत्रांची तपकिरी पाकिटं कपाटावर पडून असतात, हे मला आता माहीत आहे. आणि प्रत्येकीला शेजारी काकू मिळत नाही.

२०१९ चा सप्टेंबर. बाबांचे दिवस करून मी दोन्ही मुलांना घेऊन परत आले होते. जुलैच्या मध्याला निघाले, तेव्हा बाबा आठवड्याभरात घरी येतील असं डॉक्टर म्हणाले होते. परतायला साठ दिवस लागले. टॅक्स क्रेडिट म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना सरकार देत असे ती मदत; त्याच्या रिन्यूअलचा, म्हणजे दरवर्षीच्या नूतनीकरणाचा, कागद जूनमध्येच आला होता, फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावून ठेवला होता. त्याची शेवटची तारीख ३१ जुलै. त्या दिवशी मी अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर बसले होते. मला तारीखच काय, वारही आठवत नव्हता.

दार उघडलं तर पायपुसण्यावर टपालाचा ढीग, आणि त्यात ८ ऑगस्टची तारीख घातलेलं ते पाकीट. रिन्यूअल न मिळाल्यामुळे हप्ते बंद, आणि ६ एप्रिलपासून दिलेले २,३४० पौंड परत करा. खात्यात तेव्हा जेमतेम महिन्याचं भाडं होतं. मी पाकीट पुन्हा बंद केलं आणि चहाच्या डब्यामागे सरकवलं. चार दिवस ते तिथेच होतं. पैशांपेक्षा मला जास्त बोचलं ते दुसरंच. आपण सरकारचे पैसे लुबाडले, असं कुणीतरी कागदावर लिहून पाठवलंय असं वाटत होतं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बहिणीलाही नाही.

तुम्ही बाबांच्या सांत्वनाला म्हणून आलात. चहा करताना डबा हलला, पाकीट खाली पडलं आणि तुम्ही ते माझ्या हातात दिलंत. उघडलं नाहीत. "तू उघड, मी बसते," एवढंच म्हणालात.

तुमचा पहिला प्रश्न पैशांचा नव्हता. "किती दिवस देशाबाहेर होतीस?" असं विचारलंत. एरवी देशाबाहेर राहायला आठ आठवड्यांची मुदत असायची, पण जवळच्या नातेवाइकाचं आजारपण किंवा मृत्यू असेल तर बारा आठवड्यांपर्यंत टॅक्स क्रेडिटचा हक्क जात नसे, हे मला तेव्हा कळलं. मग तुम्ही चष्मा लावून पत्र शेवटपर्यंत वाचलंत, मागची बाजूसुद्धा, आणि जे म्हणालात ते मी आजही विसरलेले नाही: "अगं, हे देणं नाही. न दिलेला जबाब आहे. जबाब दिलास की आकडा बदलेल."

माझ्या डोळ्यांसमोर नुसता तो आकडा होता. तुम्ही त्याच्यामागचं कारण वाचलंत. एप्रिलनंतरचे हप्ते तात्पुरते दिलेले असायचे, रिन्यूअल आलं की पक्के व्हायचे, नाही आलं तर जास्तीचे ठरायचे. म्हणजे माझा हक्क नव्हता असं कुणी म्हटलेलंच नव्हतं. पत्राच्या तारखेपासून तीस दिवसांत उत्तर गेलं असतं तर सगळं आपोआप सुरू झालं असतं. ते दिवस उलटून गेले होते, पण सबळ कारण असेल तर ३१ जानेवारीपर्यंत दार उघडं होतं. बाबांचा मृत्यूचा दाखला, हॉस्पिटलची कागदपत्रं, विमानाची तिकिटं असं सगळं आपण त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मांडलं.

त्यापेक्षाही मोठं काम तुम्ही मला एका गोष्टीपासून अडवून केलंत. घाबरून मी रात्री युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे टॅक्स क्रेडिटच्या जागी आलेल्या नव्या सरकारी मदतीचा, अर्ज भरायला घेतला होता, अर्धा झाला होता. तुम्ही फोन माझ्या हातातून काढून घेतलात. एकदा तो अर्ज गेला असता तर टॅक्स क्रेडिट कायमचं संपलं असतं, मागे फिरता आलं नसतं, आणि पहिले पैसे यायला पाच आठवडे लागले असते. चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, वेगळं असतं, ते चालूच राहील, हेही तुम्हीच सांगितलंत. दोन मुलांचे तेव्हा आठवड्याला ३४.४० पौंड. त्यावर आणि उसन्यावर आम्ही ते दोन महिने काढले. उसने कुणी दिले ते इथे लिहिलं तर तुम्ही रागवाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण टॅक्स क्रेडिटच्या कचेरीला फोन लावला. स्पीकरवर ते संगीत वाजत होतं आणि तुम्ही त्याच पाकिटाच्या मागे पेन्सिलीने तारीख, वेळ, बोलणाऱ्या बाईंचं नाव लिहीत होतात. बोलले मी. अडखळले की तुम्ही कागदावरच्या पुढच्या शब्दावर बोट ठेवायचात.

रिन्यूअल भरताना खरी चूक सापडली, आणि ती माझीच होती. आधीच्या वर्षी मी जास्त तास काम केलं होतं, उत्पन्न ३,५०० पौंडांनी वाढलं होतं आणि मी ते कळवलं नव्हतं. वाढीतले २,५०० सोडून द्यायचे आणि उरलेल्या १,००० वर ४१ टक्के कापायचे, म्हणजे ४१० पौंड मला खरोखरच जास्त मिळाले होते. मी ते मुकाट्याने मान्य करणार होते. तुम्ही म्हणालात, "थांब, पगाराची स्लिप आण." पेन्शनसाठी माझे, करसवलत धरून, ३०० पौंड गेले होते, माझ्या पी-६० वर, म्हणजे वर्षभराच्या पगाराच्या आणि कराच्या दाखल्यावर, ते वजा झालेले नव्हते, आणि या हिशेबात ते वजा करता यायचे. देणं २८७ वर आलं. फरक १२३ पौंडांचा, पण त्या दिवशी मला कळलं की देणं कबूल करण्याआधी ते तपासणं म्हणजे अप्रामाणिकपणा नाही.

नोव्हेंबरच्या मध्याला हक्क पूर्ववत झाला. २,३४० ची मागणी रद्द झाली, अडकलेले हप्ते एकदम आले. ते २८७ पुढच्या हप्त्यांतून कापून घेतले, माझ्या बाबतीत एका वेळी जास्तीत जास्त चौथा हिस्सा, म्हणून घर चाललं. शेवटची कपात मार्च २०२० मध्ये झाली. तो कागद घेऊन, पेढे घेऊन तुमच्याकडे यायचं ठरवलं आणि त्याच आठवड्यात लॉकडाउन लागलं. मग तुम्ही मुलाकडे राहायला गेलात. फोनवर आभार म्हटले की तुम्ही विषय बदलता.

टॅक्स क्रेडिट आता उरलेलं नाही, ५ एप्रिल २०२५ ला ते पूर्ण बंद झालं. त्याआधी युनिव्हर्सल क्रेडिटकडे वळण्याची नोटीस आली, तीन महिन्यांची मुदत घालून. मी ती दारातच उघडली, उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचली आणि मागच्या पानावर तारीख लिहिली. थोरली शेजारी उभी होती. "काकूआजीसारखं करतेस," म्हणाली.

ते पाकीट अजून माझ्याकडे आहे, चहाच्या डब्यामागे नाही, बाबांच्या फोटोच्या खणात. तुमचं पेन्सिलीचं अक्षर पुसट झालंय, पण वाचता येतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन तुमच्याकडे येणार आहे. ते बरोबर आणीन. विषय बदलू नका.

तुमची,
समोरच्या दारातली