कपाटात आहे त्यातल्या कुकीज

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कपाटाची यादी वाचली. बटर नाही, अंडी नाहीत, चॉकलेटचा तर पत्ताच नाही. आहे काय, तर मैदा, ओट्स, अर्धी बरणी पीनट बटर, ब्राउन शुगर, तेल, दूध, मनुका आणि खायचा सोडा. आणि वर विचारतोस, यात कुकीज होतील का? होतील की! फक्त "हे नसेल तर ते घाल" अशी यादी माझ्याकडे मागू नकोस. ती पाठ केलीस तरी ऐन वेळी त्यातलं नेमकं एक काहीतरी घरात नसतं. त्यापेक्षा कोण काय काम करतं ते बघ, म्हणजे बदली माणूस तुझा तुलाच सापडेल.

अगदी साधी कुकी वजनाने एक भाग साखर, दोन भाग बटर आणि तीन भाग मैदा एवढ्यावर होते. अंडं नाही, सोडा नाही. बटर तिथे मोहनाचं काम करतं, म्हणून ती खुसखुशीत होते. मोहन तेलाचंही चालतं, पण मापाला माप घालायचं नाही. बटरमध्ये साधारण 80 टक्केच स्निग्धांश असतो, बाकी बहुतेक पाणी. तेल म्हणजे सगळं तेलच. त्यामुळे 100 ग्रॅम बटरच्या जागी 80 ग्रॅम तेल पुरतं. बटर साखरेबरोबर फेसलं की त्यात हवा धरली जाते, तेलात तसं होत नाही. तेलाची कुकी जरा घट्टच होते, तेवढं मान्य करून टाक.

अंड्याचं काम बांधून ठेवण्याचं आणि ओलाव्याचं. तुझ्याकडे पीनट बटर आहे, ते बांधून ठेवेल. ओलाव्याला दूध. केळं कुस्करून घालतात, पण मग केळ्याचीच चव लागते आणि मला ती कुकीत आवडत नाही.

सोड्याला काहीतरी आंबट लागतं, तर तो नीट फुलतो. ब्राउन शुगरमधली मळी किंचित आम्लधर्मी असते, तेवढ्यावर तुझं भागेल. मात्र हात आखडता ठेव. सोडा जास्त झाला की साबणासारखी चव येते. आणि साखर निम्म्यावर आणायचा मोह टाळ. साखरेमुळेच कुकी पसरते आणि तिला रंग चढतो. ती फार कमी केलीस तर पांढरट, पावासारखं काहीतरी हाती येईल.

चॉकलेट चिप कुकीची एक गोष्ट सगळीकडे सांगतात: काहीतरी संपलं म्हणून रूथ वेकफिल्ड बाईंनी चॉकलेटचे तुकडे टाकले आणि चुकून नवीन पदार्थ झाला. मला ती कधीच पटली नाही. 1930च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये 'टोल हाउस' नावाची खानावळ चालवणाऱ्या, गृहशास्त्र शिकलेल्या बाई त्या. मुद्दाम वेगळं काही करायचं म्हणून त्यांनी ती कुकी बसवली होती. चुकून झालं म्हटलं की गोष्ट रंगते, एवढंच.

असो. आधी सगळे डबे उघडून वास घे. पीनट बटर, ओट्स, तेल, यातलं काहीही खवट लागलं तर टाकून दे. भाजल्यावर तो वास जात नाही. मैदा चाळून घे. आणि कच्चं पीठ चाखून बघायची तुझी सवय सोड. मैदा कच्चाच असतो, त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

आता माप. 60 ग्रॅम तेल, तेवढंच पीनट बटर आणि 100 ग्रॅम ब्राउन शुगर छान घोटून घे. त्यात तीन मोठे चमचे दूध. मग 150 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम ओट्स, पाव छोटा चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र करून घाल, मनुकाही यातच टाक. इथून पुढे नुसतं कालवायचं, मळायचं नाही. मळलंस की मैद्याला चिवटपणा येतो. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांब.

ओव्हन 180 अंशांवर तापू दे आणि आधी एकच कुकी भाज. पूर्ण ट्रे लावायची घाई नको. ती फार पसरली तर उरलेल्या पिठात चमचाभर मैदा घालून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव. कडेला भेगा पडून भुगा होत असेल तर चमचाभर दूध घाल. पीनट बटरच्या कुकीज आपणहून फारशा पसरत नाहीत, म्हणून गोळे काट्याने दाबून चपटे कर. मनुका वर राहिल्या तर करपून कडू होतात, त्या आत ढकल.

दहा-बारा मिनिटांत कडा तांबूस होतील, मधला भाग मऊच असेल. तेव्हाच बाहेर काढ. कच्च्या राहिल्या असं वाटून परत आत सारू नकोस, गार होताना त्या घट्ट होतात. पाच मिनिटं ट्रेवरच राहू देत, गरम असताना उचलल्यास तर मोडतील. पहिली कुकी कशी झाली त्याचा फोटो पाठव, पसरली की भुगा झाला ते बघून पुढचं सांगते.

तुझी,
आई