तळाच्या क्लबांना मदत द्या, पण ड्राफ्टच्या पहिल्या क्रमांकावर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा हंगाम संपत आला की इथे एक वाद हमखास पेटतो. तळाला गेलेल्या क्लबला ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवोदित खेळाडू निवडण्याच्या पद्धतीत, जादा निवड द्यायची की नाही? एक बाजू म्हणते, ज्यांनी कारभार बिघडवला त्यांनीच निस्तरावे. दुसरी म्हणते, सतत हरणारा संघ कुणालाच परवडत नाही. माझ्या मते मदत द्यायलाच हवी. मात्र ड्राफ्टच्या अगदी सुरुवातीची जादा निवड हा तिचा सर्वांत वाईट प्रकार आहे.

आयपीएल पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला सारखीच खर्चमर्यादा असते आणि बोली लावून खेळाडू घेता येतो. एएफएलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये, नवोदितांचा लिलाव होत नाही. अठरा वर्षांच्या मुलाने नाव नोंदवायचे आणि जो क्लब त्याला पुकारेल तिथे जायचे, मग तो क्लब पर्थचा असो वा ब्रिस्बेनचा. १९८६ पासून ही पद्धत आहे. गुणतक्त्यात जो शेवटचा, त्याला पहिली निवड. मानधनावर कमाल मर्यादा आहेच. १९९३ पासून त्यावर आणखी एक सवलत आली, ती म्हणजे प्रायॉरिटी पिक. ठरावीक गुणांपेक्षा कमी गुण मिळवले की आपोआप जादा निवड.

घोळ झाला तो या ‘आपोआप’मुळे. २००६ पासूनचा नियम असा होता : सलग दोन हंगाम १६.५ गुणांच्या खाली राहिलात तर पहिल्या फेरीच्या आधी जादा निवड. विजयाला चार गुण मिळतात. म्हणजे चार विजय मिळवले तर बक्षीस आणि पाचवा मिळवला तर ते गेले. २००७ मध्ये कार्लटनने शेवटचे ११ सामने गमावले, चार विजयांवर हंगाम संपवला आणि मॅथ्यू क्रूझर हा उंच रकमन (उडी मारून चेंडू आपल्या साथीदारांकडे ढकलणारा खेळाडू) पहिल्या क्रमांकावर घेतला. २००९ मध्ये मेलबर्न क्लबही चार विजयांवर थांबला आणि टॉम स्कली, जॅक ट्रेंगोव्ह हे पहिले दोन्ही खेळाडू त्याच्या पदरात पडले. मुद्दाम हरल्याचा ठपका लीगने मेलबर्नवर ठेवला नाही, पण २०१३ मध्ये ५ लाख डॉलरचा दंड झाला आणि त्या वेळच्या प्रशिक्षकांसह दोघांना निलंबित केले. २०१२ मध्ये आपोआप मिळणारी निवड बंद झाली. तेव्हापासून निर्णय एएफएल कमिशनच्या, म्हणजे लीगच्या नियामक मंडळाच्या, मर्जीवर आहे.

आणि एवढे करून मेलबर्नला मिळाले काय? स्कली दोन हंगामांनी ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडे गेला. ट्रेंगोव्हला विसाव्या वर्षीच सहकर्णधार केले आणि पुढे पायाच्या दुखापतीने त्याची कारकीर्द खुरटली.

याउलट २००४ चा ड्राफ्ट बघा. त्या वर्षी रिचमंड, हॉथॉर्न आणि वेस्टर्न बुलडॉग्स या तिघांना सारखीच जादा निवड मिळाली होती. चौथ्या क्रमांकावर रिचमंडने रिचर्ड टॅम्बलिंगला घेतले. लगेच पाचव्यावर हॉथॉर्नने लान्स फ्रँकलिनला पुकारले. जॅरिड रफहेड दुसऱ्या क्रमांकावर आधीच हॉथॉर्नकडे आला होता, जॉर्डन लुईस सातव्यावर आला. २००८ मध्ये हॉथॉर्न विजेता ठरला. रिचमंडला विजेतेपदासाठी २०१७ पर्यंत थांबावे लागले. सवलत सारखी असूनही फरक पडला तो खेळाडू पारखणाऱ्या आणि घडवणाऱ्या माणसांमुळे.

तळाच्या संघाचे खरे दुखणे मैदानाच्या मधल्या चौकोनात दिसते. प्रत्येक गोलनंतर चेंडू पुन्हा मध्यभागी येतो आणि त्या चौकोनात दोन्ही संघांचे चारचारच खेळाडू उभे राहू शकतात. एक रकमन आणि तीन मिडफिल्डर. तिथे तुमचे दोघे एकोणीस वर्षांचे असतील, समोर शंभर-दीडशे सामने खेळलेले भरलेल्या अंगाचे खेळाडू असतील, तर चेंडू त्यांच्याच हाती लागतो, थेट तुमच्या बचावफळीवर येऊन आदळतो आणि गोल होतो. मग पुन्हा मध्यभाग, पुन्हा तेच. पाच-सहा मिनिटांत चार गोल बसतात ते असे. बचावपटू वाईट असतात म्हणून नव्हे, त्यांना श्वास घ्यायला उसंत मिळत नाही म्हणून. असल्या संघाला अठरा वर्षांचा आणखी एक गुणी मुलगा देऊन काय साधणार? मिडफिल्डर मुरायला दोन-तीन हंगाम लागतात, उंच फॉरवर्ड किंवा बचावपटूला चार-पाच. संघात वानवा असते ती २४ ते २८ वयाच्या खेळाडूंची. मुलांच्या शेजारी उभे राहून ‘इथे थांब, तिकडे धाव’ असे सामन्यात ओरडून सांगणारे तेच असतात.

ब्रिस्बेनचे उदाहरण म्हणूनच अभ्यासण्याजोगे आहे. २०१३ अखेर पाच तरुण खेळाडू एकदम क्लब सोडून गेले. एलियट येओ आणि सॅम डॉकर्टी त्यांतलेच. वरच्या क्रमांकांवर घेतलेली मुले टिकलीच नाहीत, तर जादा निवडी देणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे. २०१६ मध्ये तीन विजयांवर अडकलेल्या या क्लबला लीगने एकच जादा निवड दिली, तीही पहिल्या फेरीच्या शेवटी. उभारी मिळाली ती दुसरीकडून. ख्रिस फेगन प्रशिक्षक झाले, चार विजेतेपदे गाठीशी असलेला ल्यूक हॉज निवृत्ती बाजूला ठेवून मुलांना शिकवायला आला, चार्ली कॅमेरॉन आणि लॅकी नील ट्रेडमधून, म्हणजे क्लबांमधल्या अदलाबदलीतून, आले. २०१९ मध्ये संघ साखळीत दुसरा होता. २०२४ आणि २०२५ ची विजेतेपदे त्याचीच.

मेलबर्नने २०१३ मध्ये दोन विजय मिळवून पुन्हा जादा निवड मागितली, तेव्हा लीगने नकार दिला. तो नकार योग्य होता. क्लबने पॉल रूस यांना प्रशिक्षक म्हणून आणले, स्वतःची दुसऱ्या क्रमांकाची निवड देऊन डॉम टायसन आणि नवव्या क्रमांकाची निवड घेतली. त्या नवव्यावर आलेला ख्रिश्चन सेलम २०२१ च्या विजेत्या संघात होता.

माझ्या मताविरुद्ध गोल्ड कोस्टचा दाखला दिला जातो आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. २०१९ मध्ये लीगने त्यांना ड्राफ्टच्या सुरुवातीलाच जादा निवड दिली, मॅट रोवेल आणि नोआ अँडरसन एकाच रात्री मिळाले. दोघेही टिकले. २०२५ मध्ये रोवेलने हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक जिंकले आणि क्लब पहिल्यांदा बाद फेरीत पोहोचला. पण सहा वर्षे लागली, हे विसरू नये. मधल्या काळात त्यांच्या अकादमीचे, म्हणजे स्थानिक मुलांना घडवणाऱ्या क्लबच्या शाळेचे, क्षेत्र वाढवले, २०२३ च्या ड्राफ्टमध्ये अकादमीची चार मुले पहिल्याच फेरीत आली आणि रिचमंडला तीन विजेतेपदे मिळवून देणारे डेमियन हार्डविक प्रशिक्षक झाले. सगळे श्रेय एका निवडीला देता येणार नाही.

खरे तर तळाच्या क्लबांचा हक्काचा वाटाच आधी मधल्या मध्ये गळतो. क्लबच्या जुन्या खेळाडूचा मुलगा किंवा क्लबच्या अकादमीतला मुलगा असेल तर दुसऱ्याने पुकारल्यावरही तो क्लब ‘बोली जुळवून’, म्हणजे तेवढ्या मोलाच्या आपल्या निवडी देऊन, त्याला घेऊ शकतो. २०१५ पासून प्रत्येक निवडीला गुण ठरवले. पहिलीला ३००० गुण, शिवाय जुळवणाऱ्याला पहिल्या फेरीत २० टक्के सूट, म्हणजे लागायचे २४००. आता त्या वेळच्या कोष्टकात २९, ३३, ४१, ४२, ५२ आणि ५४ या निवडींची बेरीज करा : ६५३, ५६३, ४१२, ३९५, २४६, २२०. होतात २४८९. ज्या निवडींवर बहुधा राखीव खेळाडू येतात, अशा सहा चिल्लर निवडी एकत्र करून देशातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू घेता येत होता. २०२० मध्ये शेवटच्या आलेल्या ॲडलेडने जमारा उगल-हेगनला पुकारले आणि बाद फेरी खेळलेल्या वेस्टर्न बुलडॉग्सने त्याला जुळवून घेतले. ॲडलेडने मग घेतलेला रायली थिलथोर्प पुढे छान निघाला, पण त्याने नियम न्याय्य ठरत नाही. २०२४ मध्ये नुकत्याच विजेत्या झालेल्या ब्रिस्बेनला लेवी ॲशक्रॉफ्ट पाचव्या क्रमांकावर असाच मिळाला. २०२५ पासून सूट १० टक्क्यांवर आणली आणि कोष्टकही कडक केले, ही चांगली सुरुवात आहे. बोली जुळवताना फार तर दोनच निवडी वापरता याव्यात, या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

दुसरी गोष्ट नुकसानभरपाईची. मुक्त खेळाडू (करार संपल्याने मोकळा झालेला) सोडून गेला की लीग त्याचे वय आणि नवा करार पाहून भरपाईची निवड देते. सर्वांत वरच्या श्रेणीत ती क्लबच्या पहिल्या निवडीच्या लगेच मागे येते. २०२३ मध्ये बेन मॅके एसेंडनला गेला आणि नॉर्थ मेलबर्नला तिसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली. २०२५ मध्ये ऑस्कर ॲलन ब्रिस्बेनला गेला आणि एकच विजय मिळवलेल्या वेस्ट कोस्टला दुसरी. नाव भरपाईचे असले तरी ही प्रायॉरिटी पिकच आहे. फरक इतकाच की कारणे कुणी विचारत नाही. मदत करायची तर ती उघड करा, कारणांसह.

नॉर्थ मेलबर्नचे प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचे आहे आणि तिथेच योग्य मार्गाची खूण सापडते. २०२२ मध्ये दोनच विजय, शिवाय पहिल्या क्रमांकावर घेतलेला जेसन हॉर्न-फ्रान्सिस एका हंगामात पोर्ट ॲडलेडला निघून गेला. त्या वर्षीच्या मदतीतल्या निवडी ट्रेडमध्येच वापरायच्या होत्या आणि त्यांतून ग्रिफिन लोग, डार्सी टकर हे तयार खेळाडू आले. अट अशीच हवी. २०२३ च्या शेवटच्या फेरीत याच क्लबने होबार्टमध्ये गोल्ड कोस्टला हरवले आणि त्या विजयापायी पहिल्या क्रमांकाची निवड, म्हणजे हार्ली रीड, वेस्ट कोस्टकडे गेली. जिंकल्याची अशी शिक्षा होऊ नये, एवढी काळजी नियमाने घ्यायला हवी.

म्हणून माझे म्हणणे असे. पात्रता एका हंगामावर नको, सलग तीन हंगामांची कामगिरी एकत्र धरा आणि शेवटच्या पाच-सहा फेऱ्या हिशेबातून वगळा, म्हणजे हरण्यात कुणाचा फायदा उरणार नाही. जादा निवड पहिल्या फेरीच्या अखेरीस द्या आणि ती किमान ५० सामने खेळलेल्या खेळाडूसाठीच ट्रेड करता यावी, त्याच मोसमात न वापरल्यास रद्द. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रशिक्षणावरील खर्चाची मर्यादा अशा क्लबसाठी दोन-तीन वर्षे शिथिल करा. कोविडच्या वर्षी ही मर्यादा सुमारे ९७ लाख डॉलरवरून ६२ लाखांवर आणली, तेव्हा पहिली कुऱ्हाड नवोदितांना घडवणाऱ्या प्रशिक्षकांवर पडली आणि सर्वांत जास्त मुले असलेल्या संघांनाच त्याची झळ बसली. मानधन-मर्यादेच्या किमान ९५ टक्के रक्कम खर्च करण्याची सक्तीही अशा संघांसाठी सैल करावी. नाहीतर साध्याच खेळाडूंना फुगवलेले करार द्यावे लागतात आणि चांगला खेळाडू उपलब्ध होतो तेव्हा तिजोरीत जागा नसते.

हे सगळे ठरवायला वेळ थोडा आहे. २०२८ मध्ये टास्मानियाचा नवा क्लब उतरणार आहे आणि त्याला ड्राफ्टमध्ये सवलती मिळणारच. मागच्या वेळी काय झाले ते नोंदलेले आहे : २०१० मध्ये शेवटच्या आलेल्या वेस्ट कोस्टला, नवा गोल्ड कोस्ट पुढे असल्याने, पहिली निवड चौथ्या क्रमांकावर मिळाली. २०११ मध्ये पहिल्या पाचही निवडी ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडे होत्या. त्या वर्षांत तळाशी असणाऱ्या क्लबला काय मिळणार, हे लीगने टास्मानियाचा पहिला ड्राफ्ट होण्याआधी लेखी जाहीर करावे.

आपला,
एक क्रीडाप्रेमी वाचक, मेलबर्न