बागेचं तिकीट परवडतं, बागेपर्यंत जाणं परवडत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी धनकवडीत राहते. घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते. मिस्टर भोसरीला कंपनीत आहेत. घरात सासूबाई, आठवीतला थोरला आणि दुसरीतली धाकटी. थोरल्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही, तो व्हीलचेअरवर असतो. त्याला माणसांत जायला आवडतं, भेळ आवडते, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांशी गप्पा मारायला तर फारच आवडतं. आमच्यासारख्या घरांबद्दल वर्तमानपत्रात जे येतं ते उपचार, प्रमाणपत्र, पेन्शन, शाळाप्रवेश याबद्दल असतं. ते यायलाच हवं. पण रविवारी संध्याकाळी पाच जणांनी मिळून कुठे जायचं, यावर कोणी लिहिलेलं मला दिसत नाही. आमच्या घरात मात्र शुक्रवारपासून बोलणं त्याचंच चालू होतं.

पुण्यात फिरायच्या जागा महाग नाहीत. बहुतेक बागा फुकट, नाहीतर तिकीट अगदी थोडं. पैसे जातात ते जाण्यायेण्यात. रिक्षात व्हीलचेअर घडी करून पायांपाशी आडवी लावली की थोरला आणि मी एवढेच मावतो. उरलेल्या तिघांना दुसरी रिक्षा करावी लागते. धनकवडीहून जंगली महाराज रस्त्याला मीटर सव्वाशेच्या आसपास पडतं. दोन रिक्षा, जाऊन-येऊन, झाले पाचशे. एका अस्तराच्या ब्लाउजची शिलाई भेळेच्या गाडीपाशी पोचायच्या आधीच संपते. खुर्चीसकट आत चढता येईल अशी गाडी बोलावली तर आकडा हजाराच्या पुढे जातो. शिवाय रिक्षा म्हणजे दर खेपेला त्याला उचलून आत बसवणं आणि उचलून बाहेर काढणं. तो लहान होता तोवर मी एकटी उचलायचे. आता तो माझ्या खांद्याला लागतो. ज्या रविवारी मिस्टरांना शिफ्ट असते त्या रविवारी आम्ही घरीच बसतो.

बसने जायला आमची ना नाही. काही बसना दारातून उघडणारी फळी असते, ते बघून बरं वाटतं. पण ती फळी कामाला येण्यासाठी बस थांब्याच्या कडेला चिकटून उभी राहावी लागते. थांब्यापुढे टू-व्हीलर लावलेल्या असल्या की बस रस्त्याच्या मधेच थांबते, फळी थेट डांबरावर टेकते आणि तिची घसरगुंडी होते. आमच्या भागातल्या एका थांब्यावर हे नेहमीचं आहे. कंडक्टर बहुतेक वेळा मदतीला उतरतात, प्रवासीही हात लावतात. माणसं चांगली आहेत. पण मागे हॉर्न वाजत असताना चार अनोळखी माणसांनी आपल्याला खुर्चीसकट उचलून आत ठेवावं, हे तेरा वर्षांच्या मुलाला नको असतं. तो तसं तोंडाने सांगत नाही. पुढच्या वेळी "मला नाही यायचं" म्हणतो.

आता जे जमतं त्याबद्दल लिहिते, कारण तेही लोकांना कळलं पाहिजे. 29 सप्टेंबर 2024 ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट मेट्रो सुरू झाली आणि आमचे रविवार बदलले. मिस्टर, धाकटी आणि सासूबाई बसने स्वारगेटला येतात, मी आणि थोरला रिक्षाने. तिथून लिफ्टने खाली. गाडी आणि फलाट एका पातळीत, त्यामुळे खुर्ची सरळ आत जाते, कोणाला हाक मारावी लागत नाही. जिल्हा न्यायालय स्टेशनला गाडी बदलायची. तिथला खालचा फलाट जमिनीच्या सुमारे 33 मीटर खाली आहे, आणि वनाजकडे जाणारी गाडी पुलावरून धावते. एवढं सगळं अंतर लिफ्टने चढून जायचं, हा थोरल्यासाठी सहलीचा निम्मा आनंद. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्याही आमच्याबरोबर लिफ्टनेच येतात. शनिवार-रविवारी तिकिटात सूट मिळते. संभाजी उद्यान नाहीतर डेक्कनला उतरायचं आणि जंगली महाराज रस्त्याला लागायचं.

त्या रस्त्याचे फूटपाथ काही वर्षांपूर्वी रुंद केले तेव्हा गाड्यांची जागा कमी झाली म्हणून पुष्कळ ओरड झाली होती. ज्यांनी तरीही ते काम पुढे नेलं त्यांचे मी मनापासून आभार मानते. त्या फूटपाथवर मी खुर्ची ढकलते आणि मिस्टर माझ्या शेजारून चालतात, मागून नाही. धाकटी पुढे पळते. बसायला बाक आहेत, मुलांना खेळायला फूटपाथवरच काही काही बसवलंय. आम्ही पाचही जण एका ओळीत बसून लोक बघतो. कोणाला यात विशेष वाटणार नाही, पण आमच्याकडे बाहेर पडणं म्हणजे एक जण थोरल्याजवळ थांबणार आणि बाकीचे आत जाऊन येणार, असंच चालत आलंय. देवळात तसं, लग्नाच्या हॉलमध्ये तसं, जत्रेत तसं. सगळे एकत्र असलेली संध्याकाळ आम्हाला त्या रस्त्याने दिली.

तरीही ही संध्याकाळ फार तर दीड-दोन तासांची, कारण पुढे स्वच्छतागृहाचा प्रश्न येतो. काही ठिकाणी खुर्चीचं चित्र लावलेलं दार असतं. आत बादल्या, झाडू, पाण्याचे कॅन, नाहीतर कुलूप आणि किल्ली असलेला माणूस जेवायला गेलेला. उघडं मिळालं तरी थोरल्याचं काम तिथे होत नाही. त्याला उभं राहता येत नाही, आडवं करून कपडे बदलावे लागतात. तान्ह्या बाळासाठी भिंतीला फळी असते, ती त्याला पुरत नाही. मग लादीवर सतरंजी अंथरायची. सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या लादीवर तेरा वर्षांच्या मुलाला झोपवताना आईला काय वाटतं, ते मी इथे लिहीत नाही. इंग्लंडमध्ये 2021 पासून ठरावीक मोठ्या नव्या सार्वजनिक इमारतींत मोठ्या माणसाला आडवं करता येईल असा बाक आणि उचलायचं यंत्र असलेलं स्वच्छतागृह सक्तीचं आहे. यंत्राचं मी आज मागत नाही. सहा फुटी, पुसता येईल असा मजबूत बाक आणि दाराला आतून कडी, एवढं झालं तरी कितीतरी घरं सकाळी निघून संध्याकाळपर्यंत बाहेर राहू शकतील.

माझ्या पर्समध्ये शिवणकामाची टेप असतेच. मी जाईन तिथे मापं घेते. शासनाच्या सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांना अडथळ्याविना वावरता यावं यासाठीच्या, मार्गदर्शक सूचनांत रॅम्पचा उतार एकास बारा सांगितला आहे. सहा इंचांची एक पायरी चढायची तर रॅम्प सहा फूट लांब हवा. तीन पायऱ्यांना अठरा फूट. प्रत्यक्षात तीन पायऱ्यांवर पाच-सहा फुटांचा सिमेंटचा उतार ओतला की काम झालं असं समजतात. अशा उतारावर खुर्ची चढवताना माझे हात थरथरतात आणि उतरवताना थोरला डोळे मिटून घेतो. एका बागेत रॅम्प अगदी बरोबर मापाचा आहे, पण फाटकावर टू-व्हीलर आत येऊ नयेत म्हणून नागमोडी लोखंडी पाइप रोवलेत. त्यातून खुर्ची वळत नाही. शेजारचं मोठं फाटक उघडायला सांगितलं तर "साहेबांना विचारावं लागेल" हे उत्तर मिळालं. खुर्चीला वळायला पाच फुटांची जागा लागते. पाइप रोवायच्या आधी कोणी एकदा रिकामी खुर्ची तिथून ढकलून बघितली असती तर हे कळलं असतं.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. खुर्चीत बसलेल्या मुलाची नजर जमिनीपासून साडेतीन फुटांवर असते. प्राण्यांच्या पिंजऱ्यापुढे, तळ्याकाठी, पुलावर साडेतीन-चार फुटांची भरीव भिंत बांधली की त्याला भिंतच दिसते. सगळे "वाघ, वाघ" ओरडतात आणि तो सिमेंटकडे बघत असतो. थोड्या अंतरावर भिंतीऐवजी जाळी किंवा काच लावायला फार खर्च नाही. त्याचा फायदा धाकटीसारख्या लहान मुलांनाही होईल, तिला दर वेळी कडेवर घ्यावं लागणार नाही. खेळाच्या जागेतही तेच. वाळूचा खड्डा जमिनीत असतो. टेबलाच्या उंचीवर वाळूचा एक ट्रे केला तर दोघं भावंडं समोरासमोर बसून खेळतील.

पर्वतीच्या 103 पायऱ्यांवर लिफ्ट लावा, सिंहगडावर रॅम्प ओता, असं मी म्हणत नाही. जुन्या वास्तूंचं आणि डोंगरांचं मला कळतं. पण जे आज सिमेंटने नवीन बांधलं जातंय तेही पायऱ्यांचंच का?

कायदा तर आमच्या बाजूने आहे. दिव्यांगजन हक्क अधिनियम 2016 चा. सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत मनोरंजनाच्या जागाही येतात. जुन्या इमारती सुगम्य करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून 2017 ला निघाले, मुदत जून 2022 ला संपली. नव्या इमारतीला सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही, असंही त्यात आहे. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतूरी यांच्या याचिकेवर निकाल देताना केंद्र सरकारला सांगितलं, की नुसत्या मार्गदर्शक सूचना पुरेशा नाहीत, तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा. मी वकील नाही. पण ज्याला दाखला हवा आहे त्याच्याकडून एक रॅम्प नीट करून घेणं अवघड नसावं.

मला वाटतं, आपल्याकडे चूक होते ती कामं विखुरण्यात. इथे एक रॅम्प, तिथे एक पाटी, तिसरीकडे एक स्वच्छतागृह. आकडा वाढतो, पण त्यांतल्या कुठल्याही दोन गोष्टी जोडलेल्या नसतात आणि आमची सहल मधल्या तुटलेल्या तुकड्यापाशी संपते. त्यापेक्षा एकच जागा घ्या आणि घराजवळच्या थांब्यापासून ते बाग, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि परतीच्या बसपर्यंत पूर्ण करा. चेन्नईने नोव्हेंबर 2022 मध्ये मरीना किनाऱ्यावर 263 मीटरचा लाकडी मार्ग केला, व्हीलचेअर थेट समुद्राजवळ जाईल असा. दोन आठवड्यांत मांदोस वादळाने तो मोडला आणि त्यांनी तो पुन्हा दुरुस्त केला. मला त्यांच्या दुरुस्तीचं जास्त कौतुक वाटतं. आपल्याकडे मोडलेल्या लिफ्टवर "काम चालू आहे" हा कागद पिवळा पडेपर्यंत राहतो.

अशी एक जागा आमच्याच बाजूला आहे. स्वारगेट ते कात्रज या साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मेट्रोला केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली. पद्मावती आणि कात्रज ही स्टेशनं त्यात आहेत. कात्रजला 130 एकरांवरचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे, पुणे शहरातल्या मुलांची सगळ्यांत आवडती आणि परवडणारी जागा. ही मेट्रो होईल तेव्हा आम्हाला दोन रिक्षा कराव्या लागणार नाहीत, लिफ्ट असतील, खुर्ची सरळ आत जाईल असा गाडीचा डबा असेल. प्रश्न राहील तो स्टेशनचं दार ते प्राणिसंग्रहालयाचं दार या रस्त्याचा. तिथला फूटपाथ, रस्ता ओलांडायची जागा आणि लिफ्ट कोणत्या बाजूला वर येणार, हे महापालिका आणि मेट्रो दोघांनी आत्ता एकत्र बसून ठरवावं. काम झाल्यावर उकरायला दुप्पट पैसे लागतात. आत बॅटरीच्या ज्या गाड्या फिरतात त्यांत माणसाला न उचलता खुर्चीच चढेल अशी एक तरी गाडी ठेवावी. आणि तो सहा फुटी बाक. नकाशा पक्का करायच्या आधी आमच्यासारख्या पाच-दहा घरांना, सकाळच्या वेळी, खुर्च्यांसकट जागेवर बोलवावं. मी शिवणकाम बाजूला ठेवून येईन.

आपल्यालाही एक विनंती. आपण सुट्टीच्या दिवसांत सहलीच्या जागांची माहिती छापता. त्यात तिकीट आणि वेळ यांच्याखाली आणखी एक ओळ घाला: दारात पायऱ्या किती, फाटक किती इंच, स्वच्छतागृह उघडं असतं का. जंगली महाराज रस्त्यापासून आमच्या बाजूच्या बागांपर्यंतची मी घेतलेली मापं या पत्रासोबत वेगळ्या कागदावर जोडली आहेत. ती आपल्या प्रतिनिधीकडून एकदा तपासून घ्या आणि छापा.

आपली,
धनकवडीतील एक वाचक
पुणे 43