शाळेतल्या मावशींना, डब्याच्या झाकणाबद्दल

ती. मावशी,
सा. नमस्कार.

पत्राला उशीर झालाय. पहिलीचा निकाल लागला, सुट्टी सुरू झाली, चिमी आजोळी जाऊन आंबे खाऊन परतसुद्धा आली. आता लिहिलं नाही तर राहूनच जाईल.

गेल्या वर्षी 16 जूनला शाळा सुरू झाली तेव्हा आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय पेटला होता. पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको? मीही हिरिरीने लांबलचक मेसेज टाकत होते. 29 जूनला सरकारने तिसऱ्या भाषेबद्दलचे आपले निर्णय मागे घेतले, तेव्हा कुणीतरी ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला. त्याच पंधरवड्यात माझी लेक रोज भरलेला डबा तसाच घरी आणत होती. डबा उघडत नाही, एवढं साधं वाक्य तिला तिच्या मातृभाषेत बाईंना सांगता येत नव्हतं.

तो डबा मी मुद्दाम घेतलेला. चारही बाजूंनी खटके असलेला, दप्तरात आडवा झाला तरी थेंब सांडणार नाही असा. चपाती-भाजी परत आली तेव्हा मला वाटलं, भाजी आवडली नसेल. मग पराठा दिला, मग शिरा. सगळं परत. सासूबाई म्हणाल्या, नखरे आहेत. मलाही तेच वाटलं. एका संध्याकाळी तर मी चिडून म्हटलं, "उद्यापासून डबाच देत नाही." ती काहीच बोलली नाही, नुसतं नाक ओढलं. ते नाक ओढणं अजून आठवतं मला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना गेटवर तुम्ही मला थांबवलंत. "चिमीच्या आई, पोरगी उपाशी राहते. तिला ते खटके निघत नाहीत. मागायला लाजते. दुसऱ्यांची तोंडं बघत बसते." आवाज मुद्दाम बारीक केलात, बाकीच्या आयांना ऐकू जाऊ नये म्हणून. वर्गात मुलं किती, बाई एकट्या किती जणांकडे बघणार? बाईंचा राग नाहीच. पण तिथे पाण्याच्या पिंपाजवळ उभं राहून तिच्या बोटांकडे बघितलंत ते तुम्ही. आणि मी दोन आठवडे डब्यात काय घालायचं यावरच डोकं खपवत होते!

मी म्हटलं, साधा स्टीलचा डबा आणते. तुम्ही म्हणालात, "आणा, पण हा पण राहू द्या. शिकेल ती." मग रोज मधल्या सुट्टीत चमच्याचा दांडा खटक्याखाली कसा सरकवायचा ते तुम्ही तिला दाखवत राहिलात. पहिले तीन खटके तुमचे, चौथा तिचा. मग दोन-दोन. हे मला तुम्ही कधी सांगितलं नाहीत. पोळा झाला त्या आठवड्यात एका रात्री चिमीने घरातले सगळे डबे ओट्यावर मांडून उघडून दाखवले, तेव्हा कळलं. लोणच्याची बरणीसुद्धा सोडली नाही.

आणि 18 ऑगस्ट. त्या सोमवारी मुसळधार पावसामुळे दुपारच्या शाळांना पालिकेने सुट्टी दिली. चिमीची सकाळची शाळा तोवर भरलेली. आमच्या जवळच्या हिंदमाता चौकात पाणी साचलेलं, सासूबाईंना मीच फोनवर सांगितलं की घराबाहेर पडू नका. मी घाटकोपरहून निघालेली, आणि गाडी रखडत, थांबत. त्या दोन तासांत मी किती देव आठवले, विचारू नका. शाळेत पोचले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. जिन्याखालच्या बाकावर तुमची शाल पांघरून चिमी बसली होती आणि तुमच्या जुडग्यातल्या चाव्या मोजत होती. "आई, चौदा आहेत. एक कशाचीच नाही." तुम्ही हसत म्हणालात, ती जुन्या गोदामाची, गोदाम पाडलं, चावी राहिली. तुमचं स्वतःचं घर त्या दिवशी कोरडं होतं की नाही, हे मी विचारलंसुद्धा नाही. घाईत निघून आले. त्याची लाज वाटते.

5 सप्टेंबरला बाईंसाठी गुलाब पाठवला. तुमच्यासाठी पाठवायचं मला सुचलं नाही. चिमीने म्हणे त्यातल्या अर्ध्या पाकळ्या वाटेतच काढून तुमच्या हातात ठेवल्या. बाईंना टक्कल पडलेला गुलाब मिळाला, त्यांनीच मला हसत हसत सांगितलं.

आता दुसरीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. तिथे दुसऱ्या मावशी असतात, हे चिमीला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगा, तुमचं ऐकेल ती.

शाळा उघडेल त्या दिवशी मी घावने आणि नारळाचा रस देणार आहे, तुमच्यापुरताही. रस सांडू नये म्हणून तोच खटक्यांचा डबा. झाकणाला तुम्ही हात लावू नका, तुमच्यासमोर उघडायचा असं तिने आधीच ठरवून ठेवलंय.

तुमची,
चिमीची आई
परळ, मुंबई