गाडीच्या परीक्षणात सनरूफ पुरे, जरा वजनाचं बोला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमची वाहनांची पुरवणी मी गेली कित्येक वर्षं वाचतोय, आधी गाड्यांचे फोटो बघायला वाचायचो, आता खरंच गाडी घ्यायचीय म्हणून पेन घेऊन वाचतो. आणि पेन घेऊन वाचायला लागल्यावर लक्षात आलं की मला जे हवंय ते त्यात नसतंच. स्क्रीन किती इंचाची, सनरूफ आहे का, स्पीकर कुठल्या कंपनीचे, आतल्या लाइटचे रंग किती, हे सगळं असतं. चार माणसं बसवल्यावर गाडीत अजून किती किलो सामान टाकता येतं हे एका ओळीतसुद्धा नसतं. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, कापलंत तरी चालेल पण वजनाचा भाग तेवढा ठेवा.

माझी गरज साधी आहे असं मला वाटायचं. राहायला कोथरूड, ऑफिस हिंजवडी, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस चांदणी चौकातून रांगत जायचं आणि रांगत यायचं. घरात मी, बायको, इंजिनीअरिंगला असलेला मुलगा आणि आई, जिचे दोन्ही गुडघे कुरकुरतात. आणि वर्षातून एकदोनदा पंधरा दिवस गाडी घेऊन निघायचं, स्पिती, लडाख, कच्छ, वाटेत तंबू टाकायचा, स्वतः रांधायचं. ह्याला हल्ली ओव्हरलँडिंग म्हणतात. आपल्याकडे वारीतल्या दिंडीचा ट्रक बघा, राहुट्या, शेगडी, पाण्याच्या टाक्या, तांदळाची पोती सगळं बरोबर, ते लोक हे कधीपासून करतायत फक्त रील टाकत नाहीत.

तर माझी सध्याची गाडी दिसायला दणकट आहे, जाहिरातीत ती नदीतून उडत येते, पण ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना. गेल्या वर्षी परतीच्या पावसात करमाळा तालुक्यात मेहुण्याच्या रानात घातली. मुख्य रस्त्यापासून वस्ती चारशे मीटर. काळी माती ओली झाल्यावर काय होते हे ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको, टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत बुजून चाक गुळगुळीत होतं, लाडवासारखं. गाडी पोटावर बसली. माझ्या मित्राची फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) मागे होती, तो हसत ओढायला पुढे आला आणि माझ्यापासून वीस फुटांवर तोही बसला, कारण गाडी फोर बाय फोर असली तरी टायर हायवेचेच होते, चारही चाकं फिरत होती पण जागच्या जागी. मग ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्या पोराने दोर सरळ बंपरखाली घातला आणि ओढल्यावर बंपर त्याच्याकडे गेला, गाडी माझ्याकडेच राहिली. नंतर रात्री मॅन्युअल काढून वाचलं तर कळलं की ओढायचा हुक डिकीत जॅकशेजारी ठेवलेला असतो आणि बंपरवरचं ते छोटं चौकोनी झाकण काढून आत तो आट्यांनी फिरवून बसवायचा असतो. सहा वर्षं गाडी चालवतोय, ते झाकण कशाला आहे हा प्रश्न कधी पडला नव्हता. मेहुणा म्हणाला, दाजी, ओल्या काळ्या रानात बैल पण विचारून पाय टाकतो.

त्यानंतर मी नवीन गाडी शोधायला लागलो आणि गाडीपेक्षा टायर आधी बघायला शिकलो. एटी (सगळ्या वाटांचे) टायर घातले की हायवेला घोंगावतात, मायलेज थोडं खातात, पण मुरूम, दगड, थोडाफार चिखल निभावतात. रोज हिंजवडीला जाणाऱ्याला एमटी (खास चिखलाचे) कशाला लागतात मला कळत नाही, ते फक्त आवाज करतात. आणि वाळूत हवा कमी करायची, अठरा-वीस पीएसआयपर्यंत, म्हणजे टायर पसरतो, आणि परत डांबरावर यायच्या आधी भरायची, त्यासाठी दोन-तीन हजारांचा छोटा कॉम्प्रेसर. हे सगळं मिळून सनरूफपेक्षा स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट लो रेंज. तुमच्या तुलनेत ऑल व्हील ड्राइव्ह आणि फोर बाय फोर एकाच रकान्यात टिकमार्क करून टाकतात. अहो फरक आहे, ऑल व्हील ड्राइव्हमध्येही ताकद चारही चाकांना जाते पण लो रेंज बहुतेक नसते. लो रेंज म्हणजे गाडीला मिळालेला एक जास्तीचा भारी गिअरचा संच, वेग अगदी कमी पण जोर दुपटीच्या आसपास किंवा वर, तीव्र चढ चढायचा, त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्रेक न जाळता उतरायचा, तो ह्याच्यावर. हे बघायला एका शोरूममध्ये गेलो (नाव नको), तिथल्या मुलाला म्हटलं फोर एलमध्ये, म्हणजे लो रेंजमध्ये टाकून दाखव, तर तो म्हणाला सर ती दांडी नका हलवू, वॉरंटी जाईल. मीच गाडी उभी केली, न्यूट्रलला घेतली, दांडी ओढली, ती इतकी घट्ट की बहुतेक कारखान्यातून निघाल्यापासून कुणी हात लावला नसावा. उलट मित्राचं बघा, तो पावसात ग्रिप हवी म्हणून एक्स्प्रेसवेवर फोर एचमध्ये (चारही चाकांना ताकद, पण नेहमीच्या वेगाची) जातो आणि पुढे पाऊस थांबून रस्ता कोरडा झाला तरी तसाच चालवतो. पार्टटाइम (गरजेपुरती लावायची) फोर बाय फोर कोरड्या डांबरावर असं चालवलं की वळणावर पुढचा-मागचा अॅक्सल एकमेकांना पिळतात, ट्रान्सफर केसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीचं वाटोळं. त्याला सांगितलं तर म्हणतो पैसे दिलेत तर वापरू नको का!

आता गाड्या. मोठं बजेट असतं तर फॉर्च्युनर घेऊन गप्प बसलो असतो, विषय संपला. माझ्या आवाक्यातल्या उरल्या मारुतीची जिम्नी, महिंद्राच्या थार आणि थार रॉक्स, आणि फोर्सची गुरखा. स्कॉर्पिओ एनचं डिझेल फोर बाय फोर पण मनात होतं पण तिची लांबी बघूनच बायकोने चावी परत दिली.

गुरखा आपल्या आकुर्डीच्या कंपनीची, पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियलला लॉक (एक चाक नुसतं फिरलं तरी जोडीच्या चाकाला ताकद मिळते), कंपनीचाच स्नॉर्केल (इंजिनाला वरून हवा देणारं नळकांडं), सातशे मिलिमीटर पाण्यातून जाते, कागदावर हिच्याइतकी तयार गाडी ह्या किमतीत दुसरी नाही. पण गिअर हातानेच टाकायचे आणि उंची दोन मीटरच्या वर. आमच्या सोसायटीत पझल पार्किंग (यंत्राने गाड्या वर-खाली सरकवून ठेवायचं) आहे, त्यावर पाटी, कमाल उंची १.८ मीटर. इथेच गुरखा गेली, रॉक्स गेली (१.९ च्या वर), तीन दरवाजांची थारसुद्धा चार-पाच सेंटिमीटरने गेली. म्हणजे लडाखमधली खारदुंग ला खिंड चढू शकणाऱ्या गाड्या माझ्या बिल्डिंगच्या पार्किंगला हरल्या. हा आकडा सगळ्या तुलनांत असतो पण त्याचा अर्थ कुणी सांगत नाही.

रॉक्स सोडताना जीवावर आलं हे खरं. पाच दरवाजे, ४४७ लिटरची डिकी, २०२४ मध्ये भारत एनकॅपमध्ये (धडकेच्या सुरक्षा चाचणीत) पाच स्टार मिळाले, आई आरामात बसली असती. तीन दरवाजांच्या गाडीत मात्र पुढची सीट वाकवून मागे शिरावं लागतं, आईने नुसतं बघितलं आणि विचारलं, हिच्याबरोबर शिडी देतात का रे? शिवाय रॉक्समध्ये फोर बाय फोर हवी तर डिझेलच, आणि बीएस सिक्स (प्रदूषणाच्या सध्याच्या नियमाचं) डिझेल म्हणजे डीपीएफ आला. तो सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर, ती काजळी जळायला गाडी मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर जरा दाबून पळवावी लागते. रोज चांदणी चौकात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीची काजळी जळायची कधी? मग दिवा लागतो आणि रविवारी साताऱ्यापर्यंत उगाच जाऊन यायचं. (मला चालेल, कंदी पेढे मिळतात.) वर महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त.

राहिली जिम्नी. उंची १.७२ मीटर, पार्किंगमध्ये बसते. लांबी चार मीटरच्या आत, लॅडर फ्रेम (खाली शिडीसारखी दणकट चौकट), लो रेंज, मागच्या दारावर पूर्ण मापाचं पाचवं चाक, आणि वजन जेमतेम बाराशे किलो, त्यामुळे जिथे जड गाडी रुतते तिथून ही निसटते. गंमत म्हणजे आपल्याकडे २०२३ मध्ये आली तेव्हा लोकांनी नाक मुरडलं, आणि इथूनच बनून जपानला गेली तर २०२५ च्या सुरुवातीला चार दिवसांत सुमारे पन्नास हजार ऑर्डर येऊन बुकिंग बंद करायची वेळ आली. तोटेही आहेत, इंजिन १०५ पीएसचं, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा) नाही, खारदुंग ला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो तेव्हा ते निम्मं दमणार, तिथे लो रेंजच तारणार. टाकी चाळीस लिटरची. मनालीकडून लेहला जाताना तांदीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर अशी पाटी प्रसिद्ध आहे, घाटात दहाचं मायलेज धरलं तर पोचतो, पण वाट चुकायची सोय नाही.

आणि आता वजन. जिम्नीचं कागदावरचं कमाल वजन माणसं-सामान धरून १५४५ किलो. वजा रिकाम्या गाडीचे बाराशे दहा, उरले ३३५. मी ८२, बायको ६०, आई ५८, मुलगा ६५, झाले २६५. राहिले सत्तर. त्यात वीस लिटर पाणी, पाच किलोवाला गॅस सिलिंडर भरलेला म्हणजे तेरा-एक किलो, संपले तेहतीस. उरलेल्या सदतीस किलोत तंबू, चार जणांच्या बॅगा, भांडी, कॉम्प्रेसर, दोर, आणि आईचा लाडवांचा डबा. टपावरचा तंबू पन्नास-साठ किलोचा असतो, विषयच मिटला, तसाही तो लावला की पझल पार्किंग मिटलं. डिकी २०८ लिटर, म्हणजे चार माणसं बसली की मागे भाजीची पिशवी. हा हिशोब मी घरी वहीवर केला, तुमच्या परीक्षण करणाऱ्यांनी करायला हवा होता. लोक अशाच गाडीला लोखंडी बंपर, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र), टपावर कॅरिअर लावतात, बुल बारवर (पुढच्या लोखंडी कठड्यावर) तर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातलीय तरी सर्रास दिसतात, आणि मग सस्पेन्शन बसलं म्हणून कंपनीला शिव्या घालतात.

तरी घेतोय मी जिम्नीच, मॅन्युअल. लांबच्या वाटेला आई येत नाही, तिनेच सांगितलंय की तुम्ही जा, मी ताईकडे राहते, मग मागची अर्धी सीट पाडून सामान. तंबू साधा ट्रेकचा. आणि गाडी समुद्राच्या वाळूत किंवा सड्यांवर घालणार नाही, वेळास-आंजर्ल्याला कासवं अंडी घालतात तिथे चाकं फिरवणाऱ्यांना ऑफरोडर कोण म्हणतं मला माहीत नाही.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या परीक्षणात गाडीत चार माणसं आणि सामान भरून चालवा, पाचवं चाक उघडून बघा, फोर एलची दांडी स्वतः ओढा, हुक कुठे आहे ते छापा. काळी माती हवी असेल तर करमाळ्याला या, मेहुण्याला सांगून ट्रॅक्टर तयार ठेवतो.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे