त्रिनिदादहून आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,

साडेनऊ तासांच्या फरकामुळे फोनवर नीट बोलणं होतच नाही, मी मोकळी होते तेव्हा तुम्ही झोपलेले, म्हणून आज निवांत लिहितेय. मी बरी आहे, पोटभर जेवते, काळजी करू नका.

कॉलेज सेंट ऑगस्टीनला आहे, शहरात, म्हणजे पोर्ट ऑफ स्पेनला, शनिवारी जाते. लाल पट्ट्याची मॅक्सी टॅक्सी, म्हणजे आपली वडापच, पण चढताना आत बसलेल्या सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं असतं. मला माहीत नव्हतं, गप्प जाऊन बसले, तर शेजारच्या बाईंनीच मोठ्याने गुड मॉर्निंग केलं आणि पूर्ण गाडीने साथ दिली, इतकं बरं वाटलं ना!

सकाळी इथे डबल्स खातात. हळदीने पिवळे झालेले, मऊ लुसलुशीत दोन "बारा", म्हणजे तळलेल्या पुऱ्या (आपल्या वड्याचंच नाव असणार), त्यावर काबुली चण्याची पातळ उसळ, चिंचेची चटणी, काकडी, आणि सगळं कागदात पिळून हातात. तिखट कमी हवं तर "स्लाइट पेपर" म्हणायचं. मार्केटमध्ये बैगन, बोडी म्हणजे चवळीच्या शेंगा, सैजन म्हणजे आपला शेवगा. मी आनंदाने भाजीवालीशी हिंदी बोलायला गेले तर ती हसली, म्हणाली डार्लिंग, भाज्यांची नावं तेवढी राहिली, बाकी इंग्लिशच.

बाबा, हे सगळं ऊसामुळे. 30 मे 1845 ला फातेल रझाक नावाचं जहाज कलकत्त्याहून इथे लागलं आणि 1917 पर्यंत 1 लाख 40 हजारांवर माणसं, बहुतेक बिहार-यूपीकडची, करारावर मळ्यात राबायला आणली. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या निदान पाडव्याला घरी जातात, यातली बरीच माणसं कधी परत गेलीच नाहीत. मी हे वाचलं होतं, पण घरमालकीणबाईंच्या वडिलांचा कोयता त्यांच्या व्हरांड्यात टांगलेला बघितला, मुठीचं लाकूड बोटांच्या जागी झिजलेलं, तेव्हा पोटात कालवलं.

आणि बाबा, क्वीन्स पार्क ओव्हल! वॉचमनकाकांनी पाच मिनिटं आत सोडलं. मागे हिरवेगार डोंगर अगदी अंगावर आलेले. 1971 ला वाडेकरांच्या टीमने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं ते इथेच, सरदेसाईंचं शतक, गावसकरांची पहिली टेस्ट, 65 आणि नाबाद 67. आजोबांनी जपलेलं पेपरचं कात्रण डोळ्यासमोर आलं आणि मी त्या गवताला हात लावून घेतला. फोटो पाठवलाय, कात्रणाशेजारी ठेवा.

आई, एक सांगायचं राहिलं. पहिल्या रात्री बॅग आली नव्हती, घरात कुणीच ओळखीचं नाही, मी खोलीत नुसतीच बसून होते. तेवढ्यात बाहेरून घरमालकीणबाईंच्या नातवाने हाक मारली, "आजी!" मी दचकून उठलेच. इथे बापाच्या आईला आजीच म्हणतात गं, अगदी आपल्यासारखं. दार उघडलं आणि मला रडूच आलं, त्यांनी काही न विचारता जवळ घेतलं, गरम दालपुरी वाढली.

आता मीही त्यांना आजीच म्हणते. त्यांनी आपल्या आजीचा फोटो मागितलाय, नऊवारीतला पाठव.

तुमची,
छकुली